छत्रीतून पडलेला संसार

‘ब्राइड्समेड्स’ हा सिनेमा २०११ साली आला तेव्हा त्याची सगळ्यात जास्त चर्चा झाली ती कपड्यांच्या दुकानातल्या पोट बिघडण्याच्या प्रसंगामुळे. बायकाही इतका आचरट विनोद करू शकतात, याचंच अनेकांना अप्रूप वाटलं होतं. सिनेमा आज पुन्हा पाहताना मात्र दुसराच प्रसंग मनात अडकून राहतो. लिलियनचं लग्न ठरलंय आणि तिच्यासाठी ब्रायडल शॉवर ठेवलाय. नवरी समोर बसलीय, भोवती बायकांचा घोळका आहे आणि ती सगळ्यांदेखत एकेक भेट उघडतेय.

ॲनी ही लिलियनची लहानपणापासूनची मैत्रीण. तिने स्वतःच्या हाताने एक डबा तयार करून आणलाय. त्यात दोघींच्या जुन्या आठवणी भरल्यात. लिलियनला तो बघून भरून येतं. मग पाळी येते हेलनची. हेलन ही लिलियनच्या होणाऱ्या नवऱ्याच्या बॉसची बायको. मैत्री नवी, पैसा अमाप. तिची भेट म्हणजे थेट पॅरिसची सहल. घरभर कल्लोळ होतो आणि डबा विसरला जातो. ॲनीचा तोल सुटतो. ती बदामाच्या आकाराच्या अजस्र कुकीवर तुटून पडते, चॉकलेटच्या कारंज्याची वाट लावते आणि शेवटी लिलियन तिला सांगते, की तू आता लग्नालाही येऊ नकोस.

आपण हसतो. पण हा प्रसंग दुसऱ्या कुठल्या पार्टीत घडला असता का? लग्नाच्या हॉलमध्ये भेटवस्तू कागदात गुंडाळलेल्याच राहतात. कुणी काय दिलं ते घरी गेल्यावर कळतं. भेट देणारी समोर बसलेली असताना, इतर सगळ्या बघत असताना, भेट उघडायचीच असा दंडक आहे तो शॉवरमध्ये. म्हणजे तुलना हा इथे अपघात नाही, तो कार्यक्रमच आहे. शॉवरचा इतिहास पाहिला तर ॲनीचा उद्रेक निव्वळ मत्सर वाटत नाही. हा समारंभ ज्या प्रश्नाला कायम बगल देत आलाय, तो प्रश्न ती भर पार्टीत विचारते. भेटींची मोजदाद होणारच असेल, तर ती कुणाच्या ऐपतीप्रमाणे व्हायची?

गिरणीवाला आणि कागदी छत्री

शॉवरच्या उगमाची म्हणून हॉलंडमधली एक गोष्ट सांगितली जाते. एक गिरणीवाला होता. गरिबांना फुकट पीठ वाटून वाटून तो स्वतःच कंगाल झाला होता. एका सुखवस्तू घरातल्या मुलीला त्याच्याशीच लग्न करायचं होतं. बापाने हुंडा द्यायला नकार दिला. मग ज्यांनी त्याचं पीठ खाल्लं होतं ते गावकरी आणि तिच्या मैत्रिणी एकत्र आल्या. कुणी भांडं आणलं, कुणी चादर आणली आणि बघता बघता संसार उभा राहिला.

ही लोककथा आहे, इतिहास नव्हे. पण कुठलीही प्रथा स्वतःबद्दल कुठली गोष्ट सांगते, यावरून तिला आपण कसे दिसावेसे वाटतो ते कळतं. या गोष्टीत दोन बाबी लक्ष देण्यासारख्या आहेत. एक म्हणजे शॉवर इथे हुंड्याला पर्याय म्हणून येतो. बाप जे नाकारतो ते गाव देतं. दुसरं म्हणजे गाव दान करत नाही, परतफेड करतं. आधी पीठ गेलंय, मग भांडी आलीत. म्हणजे या निखळ मायेच्या गोष्टीतही एक जुनी उधारी चुकती होते, आणि त्याने गोष्टीतला गोडवा कमी होत नाही.

‘शॉवर’ या शब्दाबद्दलही अशीच एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुणा यजमाणीने जपानी कागदी छत्रीत छोट्या छोट्या भेटी भरल्या आणि ती नवरीच्या डोक्यावर उघडली. भेटींचा पाऊस पडला. गोष्ट खरी असो वा नसो, छत्री पुढे या समारंभाची खूणच बनली. आमंत्रणावर छत्री, सजावटीत छत्री, केकवर छत्री. पण छत्रीच्या गोष्टीत एक व्यावहारिक अट दडलेली आहे. कागदी छत्रीत मावेल आणि डोक्यावर पडलं तर टेंगूळ येणार नाही, एवढंच काहीतरी द्यायचं. मिक्सर छत्रीत मावत नाही. पॅरिसची सहल तर नाहीच नाही.

सुरुवातीचे अमेरिकी शॉवर खरोखर असेच आटोपशीर होते. शहरी, बऱ्यापैकी खात्यापित्या घरांतून ही पद्धत सुरू झाली आणि विसाव्या शतकात छोट्या गावांत, ऑफिसांत पसरली. शॉवरला एखादा विषय असायचा. लिनन शॉवर म्हणजे टॉवेल, चादरी, टेबलावरची कापडं. किचन शॉवर म्हणजे झारे, चाळण्या, कालथे. पॅन्ट्री शॉवर म्हणजे मसाले आणि डबाबंद पदार्थ. विषय ठरला की किमतीची कमाल मर्यादाही न बोलता ठरायची. चाळणी कितीही उंची आणली तरी ती शेवटी चाळणीच.

याच सुमाराला अमेरिकेत ‘पाउंडिंग’ नावाचीही प्रथा होती. गावात नवं जोडपं किंवा नवा पाद्री राहायला आला, की प्रत्येक घराने एक पौंड काहीतरी आणायचं. पौंडभर पीठ, पौंडभर साखर, पौंडभर लोणी. श्रीमंताचंही पौंडभर आणि गरिबाचंही पौंडभर. कॅनडाच्या प्रेअरी भागातल्या गावांमध्ये चर्चच्या तळघरात किंवा गावच्या हॉलमध्ये सबंध गावच्या बायकांचा मिळून शॉवर व्हायचा. तिथे निवडक पाहुण्यांची यादीच नसायची, कारण गाव हीच यादी. अशा सभेत कुणाची भेट मोठी, हे उठून दिसायला वावच कमी.

एक चलाख नियम

शिष्टाचाराच्या अमेरिकी पुस्तकांनी शॉवरबद्दल एक नियम बरीच दशकं लावून धरला. नवरीच्या आईने किंवा बहिणीने शॉवर आयोजित करायचा नाही, तो मैत्रिणींनी करायचा. कारण भेटी हाच ज्याचा हेतू आहे, असा समारंभ घरच्यांनीच ठेवला तर तो उघड उघड मागणं ठरतो.

नियम वरवर पाहता सभ्यतेचा वाटतो. त्याचा परिणाम मात्र असा झाला, की मागण्याची लाज घरच्यांना वाटू नये म्हणून खर्चाची जबाबदारी मैत्रिणींवर आली. आणि मैत्रिणी म्हणजे बहुतेक वेळा करवल्या. त्यांना ड्रेस घ्यायचाय, बॅचलरेट पार्टीची वर्गणी द्यायचीय, शॉवरचा खर्च उचलायचाय, शॉवरमध्ये भेट द्यायचीय आणि लग्नात पुन्हा वेगळी. यातल्या काहीजणींचं लग्न झालेलं नसतं, काहींचं होणारही नसतं. आता नियम बराच सैल झालाय आणि आया-बहिणी सर्रास शॉवर करतात. पण मैत्रिणींवरचा खर्च काही परत गेलेला नाही.

आणि मग प्रत्यक्ष विधी. ‘विधी’ हाच शब्द योग्य आहे, कारण इथे सगळं ठरलेलं असतं. भेट उघडली की ‘अय्या’ म्हणायचं. सुटलेल्या रिबिनी कागदी ताटलीला चिकटवून त्यांची टोपी किंवा खोटा गुच्छ करायचा. तो गुच्छ घेऊन नवरी लग्नाच्या रंगीत तालमीत चालते. उघडताना जितक्या रिबिनी तुटतील तितकी मुलं होणार, असं म्हणायचं. टॉयलेट पेपर गुंडाळून नवरीचा पोशाख करण्याची स्पर्धा घ्यायची. भेटी उघडताना नवरी जे उद्गार काढते ते एकीने गुपचूप टिपून घ्यायचे आणि नंतर ‘मधुचंद्राच्या रात्रीचे उद्गार’ म्हणून मोठ्याने वाचायचे. या चावट खेळात एक जुना ऐवज आहे. लग्न झालेल्या बायका लग्न न झालेलीला आपल्यात ओढून घेतायत, तिला जे उघडपणे सांगता येत नाही ते हसत हसत सांगतायत.

नवरीच्या शेजारी बसलेल्या आणखी एका बाईकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिच्या हातात वही असते. कुणी काय दिलं, हे ती लिहून घेते. नंतर आभाराची पत्रं पाठवायला ती यादी लागते. माझ्या मते या सगळ्या समारंभातलं सर्वांत महत्त्वाचं पात्र तेच. बाकी सगळ्या मायेचा कल्लोळ करतात, ती जमाखर्च लिहिते.

समाजशास्त्रज्ञ बेथ मॉन्टेमुरो यांनी शॉवरना हजर राहून आणि बायकांशी बोलून या प्रथेचा अभ्यास केला. त्यांच्या २००२ सालच्या लेखाच्या शीर्षकाचा अर्थच असा होतो, की जावं लागतं म्हणून जायचं. शॉवरला आलेल्या बायकांना कंटाळा येतो, खेळ बालिश वाटतात, पण न जाणं हा अपमान असतो म्हणून त्या जातात. पुढे २००६ मध्ये शॉवर आणि बॅचलरेट पार्टी यांवर त्यांचं पुस्तकही आलं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्येच मांडलं होतं, की भेटीला तीन बंधनं चिकटलेली असतात. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. शॉवरचं आश्चर्य एवढंच, की तो ही तिन्ही बंधनं एकाच दुपारी, एकाच खोलीत, गुलाबी फुग्यांखाली उघडी पाडतो.

पण हिशेब म्हटलं की लगेच नाक मुरडू नये. वहीतला हिशेब हा गरिबांचा विमा होता. आज मी तुझ्यासाठी चाळणी आणली, उद्या तू माझ्या बहिणीसाठी टॉवेल आणशील. ज्या बायकांच्या नावावर ना जमीन होती ना बँकेत खातं, त्यांनी आपापसांत चालवलेली ती भिशीच होती. हिशेब चोख राहायला दोन गोष्टी लागतात. भेटी साधारण सारख्या किमतीच्या हव्यात आणि प्रत्येकीची पाळी कधी ना कधी यायला हवी. विसाव्या शतकात या दोन्ही गोष्टी हळूहळू सुटत गेल्या.

दुकानाने केलेली यादी

१९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड्स या डिपार्टमेंट स्टोअरने ब्रायडल रजिस्ट्री सुरू केली. नवरीने दुकानात यायचं, कुठल्या डिझाइनची बशी, कुठला काटाचमचा हवा ते सांगायचं आणि पाहुण्यांनी त्या यादीतून घ्यायचं. सोय मोठी होती. एकाच घरात सात टोस्टर येणं थांबलं. १९९०च्या दशकात टार्गेटसारख्या साखळी दुकानांनी ही यादी संगणकावर आणली. जोडपं हातात स्कॅनर घेऊन दुकानभर फिरतं आणि हव्या त्या वस्तूवर लाल प्रकाश मारतं.

सोयीबरोबर एक बदल गुपचूप झाला. नवरीला काय लागेल हे आधी मैत्रिणी ओळखायच्या. ओळखण्यात चूक व्हायची, पण त्या चुकीतही ओळख दिसायची. आता ते दुकान सांगतं. आणि दुकानाच्या यादीत प्रत्येक वस्तूसमोर किंमत छापलेली असते. छत्रीत मावण्याची अट गेली. कुणी यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू घेतली, हे आता स्पष्ट दिसतं. पूर्वी फक्त वहीवालीला कळायचं ते यादी उघडणाऱ्या कुणालाही कळू लागलं.

आता ॲनीकडे परत येऊ. ‘ब्राइड्समेड्स’ची पटकथा क्रिस्टन विग आणि ॲनी मुमोलो यांची, दिग्दर्शन पॉल फीगचं. हा मैत्रीवरचा सिनेमा म्हणून ओळखला जातो, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक मोठा विनोद पैशावर उभा आहे. ॲनीची बेकरी मंदीत बुडालीय. सुरुवातीला ती आणि लिलियन बागेत झाडाआड लपून दुसऱ्याच्या व्यायामवर्गाचा फुकट लाभ घेतात आणि शिक्षकाची बोलणी खातात. तेव्हा दोघी एकाच पायरीवर आहेत. लग्न ठरतं आणि लिलियन वरच्या पायरीवर जाते. ॲनी स्वतःला परवडेल असं ब्राझिलियन हॉटेल निवडते, तर सगळ्यांना विषबाधा होते. लास वेगसच्या विमानात बाकीच्या फर्स्ट क्लासमध्ये आणि ॲनी मागे, कारण तिकीट परवडत नाही आणि हेलनचे पैसे घ्यायचे नाहीत. शॉवरसाठी पॅरिस हा विषय ॲनीनेच सुचवला होता, कारण लिलियनचं ते जुनं स्वप्न आहे हे तिला ठाऊक होतं. हेलन तेव्हा ती कल्पना उडवून लावते आणि नंतर तीच स्वतःच्या महालासारख्या घरी, स्वतःच्या पैशाने उभी करते. परतभेट म्हणून पाहुण्यांना चक्क कुत्र्याची पिल्लं.

म्हणजे हेलनने फक्त महाग भेट दिली नाही. ॲनीकडे होती ती एकमेव संपत्ती, लिलियनला काय हवंय याची माहिती, तिने उचलली आणि तिच्यावर पैसे लावले. मार्शल फील्ड्सने १९२४ मध्ये अख्ख्या शहरातल्या मैत्रिणींशी जे केलं, तेच हेलन एका दुपारी ॲनीशी करते. म्हणून ॲनीचं ते कुकीवर तुटून पडणं मला सबंध सिनेमातलं सर्वांत शहाणपणाचं कृत्य वाटतं.

सिनेमा कुठे कच खातो

इथवर सिनेमा निर्भय आहे. पुढे मात्र तो घाबरतो. शेवटाकडे हेलन ॲनीच्या गाडीत बसून रडते. तिला खरी मैत्रीण नाही, नवरा घरी नसतो, सावत्र मुलं तिला विचारत नाहीत. आपल्याला तिची दया येते. दया आली की भांडण मिटतं. जो झगडा ऐपतीचा होता तो एकटेपणाचा ठरतो. बिचारी हेलन, तिच्याकडे फक्त पैसेच आहेत!

लिलियनच्या वडिलांची गोष्टही अशीच. या थाटाचे पैसे मी देणार नाही, असं तो बापडा वेळोवेळी म्हणतो आणि आपण दर वेळी हसतो. डच कथेतला बाप हुंडा नाकारतो तो गुर्मीत. इथला बाप खर्च नाकारतो तो खिसा रिकामा म्हणून. सिनेमाला त्याच्याकडे थांबायला वेळ नाही. आणि शेवटी हेलनने आखलेल्या त्या अवाढव्य लग्नात दोघी मैत्रिणींच्या लहानपणीचा आवडता बँड, विल्सन फिलिप्स, प्रत्यक्ष येऊन गातो. सगळे नाचतात. ॲनीच्या डब्यात जे स्मरण होतं तेही अखेर पैसे मोजून स्टेजवर उभं करता येतं, हे सिनेमा आनंदाच्या भरात सांगून टाकतो आणि त्याला स्वतःलाच ते ऐकू येत नाही.

दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न ‘सेक्स अँड द सिटी’ने २००३ मध्ये विचारला होता. सहाव्या पर्वातल्या ‘अ वुमन्स राइट टू शूज’ या भागात कॅरी एका मैत्रिणीकडे बाळाच्या कौतुकाला जाते. दाराशी बूट काढून ठेवायला सांगतात आणि तिचे ४८५ डॉलरचे बूट चोरीला जातात. मैत्रीण ते पैसे पूर्ण द्यायला तयार नाही. एवढ्या महागाचे बूट घालणं हाच तिला पोरकटपणा वाटतो. घरी येऊन कॅरी हिशेब करते. या मैत्रिणीच्या साखरपुड्याला, लग्नाला, तिन्ही बाळांना मिळून आपण २३०० डॉलरहून जास्त खर्च केलेत. आणि एकट्या राहणाऱ्या बाईच्या आयुष्यात असा एकही प्रसंग नाही, की ज्यासाठी जग तिला काही देईल.

टीव्हीवरच्या कुणी वहीतली दुसरी अट इतकी स्पष्ट वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही. पाळी येणार असेल तरच भिशीला अर्थ आहे. जिची पाळी कधी येणारच नाही ती फक्त हप्ते भरत राहते. पण हा भागही पुढे पळवाट शोधतो. कॅरी जाहीर करते, की मी स्वतःशीच लग्न करतेय, आणि त्याच बुटांच्या दुकानात आपली रजिस्ट्री उघडते. मैत्रीण मुकाट्याने बूट घेऊन देते. टाळ्या पडतात, पण झालं काय? प्रथेने कॅरीला बाहेर ठेवलं होतं. कॅरीने प्रथा बदलली नाही, तिने फक्त आत शिरायला एक खोटं लग्न लावलं. देण्याघेण्यासाठी लग्नच का लागावं, हा प्रश्न त्या दुकानात कुणी विचारत नाही.

आपल्याकडची वही

मुंबई-पुण्यात आता ‘ब्राइड टू बी’ लिहिलेला पट्टा, सोनेरी अक्षरांचे फुगे आणि कॅफेतलं बुकिंग यांचं रीतसर पॅकेज मिळतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरातली मुलगी शनिवारी शॉवर आणि रविवारी केळवण असं दोन्ही करू शकते. यावर ‘आपली केळवणं काय वाईट होती?’ असा एक ठरलेला सूर लागतो. तो मला पटत नाही, कारण त्यात गृहीत धरलंय की केळवणात फक्त माया आणि शॉवरमध्ये फक्त बाजार.

केळवणात नातेवाईक नवरीला किंवा नवरदेवाला घरच्यांसकट जेवायला बोलावतात, ताटाभोवती रांगोळी काढतात आणि आहेर करतात. मध्यभागी ताट असल्यामुळे तुलना जरा झाकली जाते, हे खरं. पण आहेराची वही आपल्यालाही परकी नाही. मांडवात कोपऱ्यात बसून पाकिटं लिहून घेणारा काका प्रत्येक घरात असतो. ‘त्यांनी आपल्याकडे काय केलं होतं, बघ जरा’ हे वाक्यही प्रत्येक घरात ऐकू येतं. देण्याघेण्याच्या साड्या या घरातून त्या घरात फिरत राहतात आणि कधी मूळ मालकिणीकडेच परत येतात. वेगळेपण आहे ते बाहेर कुणाला ठेवलंय यात. अमेरिकी शॉवर लग्न न झालेलीकडून राबवून घेतो आणि तिची पाळी आणत नाही. आपल्या ओटी-हळदकुंकवाच्या चालीरीती सवाष्णीला पाटावर बसवतात आणि विधवेला दाराआड ठेवत आल्यात. दोन्हीकडे वही आहे. दोन्हीकडे काही नावांची पानं कोरी आहेत.

आपल्याकडे यादीने आणखी एक रूप घेतलं. हुंडाबंदी कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ मध्ये एक नियमावली आली. लग्नात वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची, असं ती सांगते. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं आणि खाली वधूवरांच्या सह्या. उद्या वाद झालाच तर काय तिचं होतं, ते सिद्ध करायला ही यादी कामाची. किती लग्नांमध्ये तुम्ही अशी यादी होताना पाहिलीय? नव्या सुनेने ‘जरा इथे सही कर’ म्हणत नवऱ्यापुढे कागद धरला, तर घरात काय वातावरण होईल, याची कल्पना करून बघा. पाहुण्यांच्या पाकिटांची वही आपण निर्धास्त लिहितो, कारण ती दोन घरांमधल्या देण्याघेण्याची असते. वधूच्या नावाची यादी मात्र आपल्याला अविश्वासाची वाटते.

म्हणून हिशेबच नको, प्रेम हवं, हे म्हणणं मला सोपं वाटतं आणि थोडं लबाडही. हिशेब नाकारण्याची चैन ज्याचं पारडं जड आहे त्यालाच परवडते. हेलन कधी किंमत उच्चारत नाही. तिला गरज नसते. किंमत ॲनीला मोजावी लागते. बायकांच्या या जुन्या भिशीत जे चांगलं होतं ते टिकवायचं, तर वही जाळून चालणार नाही. पौंडभराची अट परत आणावी लागेल आणि कोरी पानं भरावी लागतील. पहिली नोकरी, स्वतःचं भाड्याचं घर, घटस्फोटानंतर पुन्हा मांडलेलं एकटीचं स्वयंपाकघर. चाळणी आणि कालथा तिथेही लागतोच. छत्री उघडायला नवरीच कशाला हवी?

आता त्या पार्टीतल्या वहीवालीला आभाराच्या पत्रांसाठी यादी पुरी करायचीय. हेलनच्या नावापुढे तिने पॅरिस लिहिलं असेल. ॲनीच्या नावापुढे काय लिहावं, याचा तिने जरा वेळ विचार केला असेल आणि मग नुसतंच ‘डबा’ लिहून पान उलटलं असेल.